बटण दाबलं की कासव अक्षर कसं काढतं?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं ठरवलं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहेच. त्यामुळे ‘टर्टल’, म्हणजे पायथनमधलं रेघा काढणारं कासव, हा शब्द आता बऱ्याच घरांत कानावर पडतो. चौकोन, चांदणी, फूल इथपर्यंत मुलांचं छान चालतं. मग पुढचा प्रकल्प येतो: कीबोर्डवर एखादं अक्षर दाबायचं आणि पडद्यावरच्या कासवाने ते काढून दाखवायचं. इथे गाडी हमखास अडते. कोणतंही बटण दाबलं तरी झेडच उमटतो, भराभर टाइप केलं की अक्षरं एकमेकांत घुसतात, किंवा बटण दाबूनही काहीच होत नाही. पालकांना वाटतं, अक्षर तर कीबोर्डवर छापलेलंच आहे, मग यात एवढं अवघड काय?

अवघड आहे, कारण बटण दाबल्याने अक्षराचा आकार संगणकात जात नाही. ‘अमुक बटण दाबलं’ एवढी वर्दी जाते. आकार आपल्याला आधी सांगून ठेवावा लागतो आणि तो काढायचं काम तिसरीकडेच होतं. आकार, काढणारा हात आणि बटणाची वर्दी या गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर हा प्रकल्प सातवीतल्या मुलालाही जमतो. एकत्र कालवल्या, तर मोठ्यांनाही सुटत नाही.

## कासवाला काय काय कळतं?

१९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञा पाळत जमिनीवर चालणारं, पेन बसवलेलं यंत्र आलं. तेच कासव. आज पायथनबरोबर मिळणारं टर्टल मॉड्यूल, म्हणजे तयार आज्ञांचा संच, याच कल्पनेवर उभं आहे.

कासवाला स्वतःबद्दल मोजक्याच गोष्टी ठाऊक असतात: आपण कुठे आहोत, तोंड कुठे आहे आणि पेन टेकलेलं आहे की उचललेलं. खिडकीचा मध्य म्हणजे शून्य-शून्य. उजवीकडे आणि वर आकडे वाढतात, डावीकडे आणि खाली उणे होतात. सुरुवातीला कासवाचं तोंड उजवीकडे असतं आणि पेन टेकलेलं असतं. पेन टेकलेलं असतं, हे लक्षात न राहिल्यामुळे पहिल्या अक्षराआधी एक नको असलेली रेघ पडते, ती जवळजवळ प्रत्येकाच्या पडद्यावर दिसते.

आणखी दोन अडथळे सुरुवातीलाच येतात. प्रोग्रॅमच्या फाइलला ‘टर्टल’ हेच नाव दिलं, तर पायथन खरं मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उघडतो आणि ‘अशी आज्ञाच नाही’ म्हणून तक्रार करतो. नाव ‘अक्षरकासव’ वगैरे काहीही ठेवा. उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या संगणकावर काही वेळा टीके नावाचा चित्र दाखवणारा भाग वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर खिडकीच उघडत नाही.

## अक्षर म्हणजे ठिपक्यांची यादी

पहिला विचार येतो तो पावलांचा. इतकं पुढे, इतकं वळ, पुन्हा पुढे. इंग्रजी ‘एल’ अशाने सहज निघतो. आता ‘ए’ काढून पाहा. ४० रुंद आणि ६० उंच ‘ए’चा तिरका पाय चढायला ७१.५७ अंश वळावं लागतं, ६३.२५ पावलं चालावं लागतं आणि शेंड्यावर १४३.१३ अंश फिरून उतरावं लागतं. त्रिकोणमिती आल्याशिवाय हे आकडे मिळत नाहीत. त्यात अक्षर संपताना कासवाचं तोंड पुन्हा उजवीकडे केलं नाही, तर पुढचं अक्षर आडवं पडतं.

म्हणून ठिपक्यांच्या रांगोळीसारखा विचार करावा. आधी ठिपके मांडायचे, मग कोणता कोणाला जोडायचा ते ठरवायचं. ४ घरं रुंद आणि ६ घरं उंच अशी जाळी घ्या. खालचा डावा कोपरा (०,०), वरचा उजवा (४,६). या जाळीवर ‘ए’ला दोन रेघा लागतात. पहिली (०,०) वरून (२,६) आणि तिथून (४,०). दुसरी (१,३) वरून (३,३). कोन नाही, वर्गमूळ नाही. चौकटीच्या कागदावर तिसरीतलं मूलही हे शोधेल.

बाकीची अक्षरंही अशीच. ‘एन’ एका रेघेत होतो: (०,०), (०,६), (४,०), (४,६). ‘एम’ही एका रेघेत: (०,०), (०,६), (२,३), (४,६), (४,०). ‘ई’ला दोन रेघा: (४,०), (०,०), (०,६), (४,६) ही एक आणि मधली (०,३) ते (३,३). गोल अक्षरांचे कोपरे छाटले की पुरे: ‘ओ’साठी (१,०), (३,०), (४,१), (४,५), (३,६), (१,६), (०,५), (०,१) आणि परत (१,०). दुरून तो गोलच दिसतो. टर्टलची वर्तुळाची तयार आज्ञासुद्धा आतून अनेक कोपऱ्यांची आकृतीच काढते, त्यामुळे यात कमीपणा काही नाही.

या सगळ्या याद्या एका डिक्शनरीत ठेवायच्या. डिक्शनरी म्हणजे पायथनमधली अशी नोंदवही, जिच्यात नाव सांगितलं की त्यापुढची माहिती मिळते. इथे नाव म्हणजे अक्षर आणि माहिती म्हणजे त्याची रुंदी आणि रेघा.

## एकच हात सगळी अक्षरं काढतो

आता काढणारं फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या आज्ञा, एकच पुरतं. सव्वीस लागत नाहीत. प्रत्येक रेघेसाठी त्याने पेन उचलायचं, पहिल्या ठिपक्यावर जायचं, पेन टेकवायचं, उरलेल्या ठिपक्यांवरून क्रमाने जायचं आणि पुन्हा पेन उचलायचं. जायची आज्ञा ‘गोटू’. ठिपक्याचा आकडा एका घराच्या मापाने गुणायचा आणि त्यात अक्षराच्या सुरुवातीची जागा मिळवायची. घर १० पिक्सेलचं धरलं तर अक्षर ४० रुंद, ६० उंच येतं. घर २० चं केलं की तेच अक्षर दुप्पट. यादीला हातही लावावा लागत नाही.

अक्षर झालं की सुरुवातीची जागा रुंदी अधिक २ घरं इतकी पुढे सरकवायची. ४ घरांच्या अक्षराला म्हणजे ६० पिक्सेल. खिडकी ८०० पिक्सेल रुंद ठेवली आणि ओळ उणे ३६० पासून सुरू केली, तर अशी १२ अक्षरं बसतात. तेराव्या अक्षराआधी तपासायचं: जागा अधिक ४० हे ३६० च्या पुढे जातं का? जात असेल तर पुन्हा उणे ३६० वर आणि ९० पिक्सेल खाली. ही तपासणी अक्षर काढायच्या आधी करायची. नंतर केली तर शेवटचं अक्षर खिडकीबाहेर निघून जातं आणि मुलं ‘बटण चालत नाही’ म्हणून भलतीकडेच चूक शोधत बसतात.

‘गोटू’ने कासव सरकतं, पण तोंड वळवत नाही, खेकड्याची चाल दिसते. चाल बघायला आवडत असेल तर प्रत्येक ठिपक्याआधी ‘टुवर्ड्स’ने कोन विचारून ‘सेटहेडिंग’ने तोंड तिकडे करायचं.

## ‘मजकूर लिहायची तयार आज्ञा असताना हे कशाला?’

अशी आज्ञा आहे, आणि एका ओळीत ती मजकूर छापते. पण ती संगणकातला फॉन्ट वापरते. कासव जागचं हलत नाही आणि अक्षर कसं घडलं ते कळत नाही. गुणपत्रिकेवर नाव टाकायचं असेल तर तीच वापरावी. अक्षर कुठून सुरू होतं, पेन कुठे उचलतं, दोन अक्षरांत किती जागा लागते हे शिकायचं असेल, तर याद्या हव्यात. पॅपर्टचा भर पावलांच्या भूमितीवर होता आणि तो योग्यच होता. पहिली दोन-तीन अक्षरं पावलांनीच काढून बघावीत, मग जाळीवर यावं. दोन्ही केल्याशिवाय जाळीने काय सोपं केलं ते उमगत नाही.

## बटणाची वर्दी कशी पोचते?

बरीच मुलं नेहमीची ‘इनपुट’ आज्ञा वापरतात. ती टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या वेगळ्या खिडकीत, थांबून राहते आणि तेवढा वेळ कासवाची खिडकी गोठते. खिडकीला बटणं ऐकायला लावायची तर पद्धत वेगळी आहे. ‘ऑनकीप्रेस’ला दोन गोष्टी सांगायच्या: कोणतं फंक्शन आणि कोणतं बटण. मग ‘लिसन’ म्हणायचं, म्हणजे खिडकी कान देते. शेवटी ‘मेनलूप’, म्हणजे प्रोग्रॅम संपत नाही, वर्दीची वाट बघत राहतो. ‘लिसन’ विसरलं की सगळं बरोबर असूनही काहीच होत नाही. ‘टेक्स्टइनपुट’ने मजकूर विचारायची चौकट उघडली असेल, तर ती बंद झाल्यावर ‘लिसन’ पुन्हा म्हणावं लागतं, कारण चौकट लक्ष स्वतःकडे ओढून घेते.

बटणांची नावं काटेकोर असतात. एंटरचं नाव ‘रिटर्न’, त्यातला आर मोठा. ‘बॅकस्पेस’मध्ये बी आणि एस मोठे. ‘स्पेस’ मात्र सगळं लहान लिपीत. लहान ‘ए’ आणि मोठा ‘ए’ ही दोन वेगळी बटणं धरली जातात. कॅप्स लॉक चालू राहिलं की प्रोग्रॅम मुका होतो. दोन्ही जोडून टाका.

## कोणतंही बटण दाबा, झेडच का येतो?

‘ऑनकीप्रेस’ने बोलावलेल्या फंक्शनला कोणतं बटण दाबलं ते सांगितलंच जात नाही. ते रिकाम्या हाताने येतं. म्हणून प्रत्येक अक्षराला स्वतःचं फंक्शन द्यावं लागतं, आणि सव्वीस वेळा लिहायला नको म्हणून लूप आणि लॅम्डा वापरतात. लूप म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं. लॅम्डा म्हणजे जागेवरच लिहिलेलं, बिननावाचं छोटं फंक्शन.

गोची अशी की लॅम्डा अक्षर जवळ ठेवत नाही. ते कोणत्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कोणत्या कप्प्यात, आहे तेवढंच लक्षात ठेवतो. बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला असतो आणि त्या व्हेरिएबलमध्ये शेवटचं अक्षर, झेड, उरलेलं असतं. सव्वीसही लॅम्डा तिथे जाऊन झेड घेऊन येतात. उपाय म्हणजे लॅम्डा लिहितानाच अक्षर त्याच्या हाती द्यायचं: ‘लॅम्डा’ शब्दापुढे, कोलनच्या (:) आधी, ‘अ बरोबर अ’ असं. डावीकडचा अ हा लॅम्डाचा स्वतःचा, उजवीकडचा लूपमधला. ही बरोबरी लॅम्डा तयार होतानाच ठरते आणि मग बदलत नाही.

याची जुळी चूक म्हणजे लॅम्डाच न लिहिता, कंसात अक्षर घालून फंक्शनचं नाव थेट देणं. मग प्रोग्रॅम सुरू होताच सगळी अक्षरं आपोआप निघतात आणि नंतर बटणं दाबून काही होत नाही. कारण फंक्शन जोडलं गेलेलंच नाही. ते तिथल्या तिथे चाललं आणि जोडायला हाती काहीच उरलं नाही.

## भराभर टाइप केलं की अक्षरं एकमेकांत का घुसतात?

मला विचाराल तर या प्रकल्पातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा ही आहे. कासव रेघ हळूहळू ओढतं, आणि प्रत्येक छोट्या टप्प्यावर खिडकी ताजी करताना आलेल्या वर्द्याही बघते. ‘ए’चा पाय अर्धा चढलेला असताना ‘एन’ दाबला, तर एनचं फंक्शन तिथेच, एच्या पोटात सुरू होतं. एन पूर्ण काढल्यावर कासव ए पुढे चालू करतं, पण आता ते भलत्याच जागी उभं असतं. पडद्यावर आडव्या-तिडव्या रेघा.

यावर उपाय असा की बटणाच्या फंक्शनने काढायचं कामच करू नये. त्याने अक्षर एका यादीच्या शेवटी टाकावं आणि मोकळं व्हावं. दुसरं फंक्शन यादीतलं पहिलं अक्षर उचलतं, काढतं, आणि ‘ऑनटायमर’ला सांगतं की ५० मिलिसेकंदांनी मला पुन्हा बोलाव. यादी रिकामी असली तरी ते पुन्हा बोलावणं ठेवतंच. आता काढणारा एकच, म्हणून गोंधळ नाही. आणि टाइप केलेलं एकही अक्षर हरवत नाही.

‘ट्रेसर’ शून्य करून हालचालच बंद केली तरी हा दोष दिसेनासा होतो, कारण मध्ये वर्द्या बघितल्याच जात नाहीत. पण मग कासव चालताना दिसत नाही, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. वेग वाढवायचा असेल तर ‘स्पीड’ला ८ किंवा १० द्या, काही सांगितलं नाही तर तो ३ असतो.

बॅकस्पेससाठी ‘अनडू’कडे धाव घेतली जाते. ती आज्ञा एक अक्षर मागे नेत नाही, एक कृती मागे नेते, आणि एका ‘ए’त डझनभर कृती असतात. काढलेल्या अक्षरांची वेगळी यादी ठेवावी, शेवटचं काढून टाकावं, पाटी पुसावी आणि उरलेली पुन्हा काढावीत. या फेरकाढणीपुरता ‘ट्रेसर’ शून्य करावा आणि शेवटी ‘अपडेट’ म्हणावं. डोळ्यांना फक्त शेवटचं अक्षर गेलेलं दिसतं.

## मराठी अक्षरं काढता येतील का?

येतील, आणि जरूर काढावीत. पायथनच्या डिक्शनरीत ‘प’ हे नाव थेट देवनागरीत लिहिता येतं; व्हेरिएबलची नावंही मराठीत चालतात. आकडे मात्र प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात, नाहीतर पायथन ओळ नाकारतो.

बटणांसाठी कीबोर्ड मराठीवर न्यायचीही गरज नाही. सरकारी प्रमाण असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी एचच्या जागी प, ईच्या जागी काना आणि व्हीच्या जागी न असतो. ही जोडी डिक्शनरीत टाकली की एच, ई, व्ही दाबल्यावर कासव ‘पान’ काढेल. पची रुंदी ४: दांडा (३,६) ते (३,०), पोट (१,६), (१,४), (२,३), (३,३). कान्याची रुंदी २: (१,६) ते (१,०). नची रुंदी ४: दांडा पसारखाच आणि आडवी रेघ (१,३) ते (३,३). इथे अक्षरांमध्ये २ घरं मोकळी सोडायची नाहीत. प्रत्येकाने आपल्या पूर्ण रुंदीची शिरोरेषा ६ उंचीवर काढली की त्या आपोआप जुळतात. ‘पान’वर १० घरांची सलग रेघ येते. भ, ध आणि थ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली ठेवायला विसरू नका, नाहीतर भचा म आणि धचा घ होतो.

खरी परीक्षा ऱ्हस्व वेलांटी घेते. ‘पिन’ लिहिताना आपण आधी प दाबतो, मग वेलांटी. संगणकातही क्रम तोच साठतो: प, वेलांटी, न. पण वेलांटी पच्या डावीकडे दिसायला हवी, आणि तिथे तर प कधीच काढून झालेला असतो. म्हणून मराठीत ‘दाब आणि काढ’ एवढ्यावर भागत नाही. बटण दाबलं की अक्षर यादीत टाकायचं आणि पूर्ण शब्द पुन्हा मांडायचा. मांडताना वेलांटी दिसली की ती तिच्या व्यंजनाच्या डावीकडे न्यायची. त्या व्यंजनाआधी हलन्त असेल तर आणखी दोन जागा मागे, जोडाक्षर संपेपर्यंत. ‘स्थिती’मध्ये स, हलन्त, थ, वेलांटी अशी साठवण असते आणि वेलांटी थेट सच्या आधी जाते. तिची कमानही यादीतच: ‘पि’साठी दांडा (१,६) ते (१,०), आणि कमान (१,६), (१,७), (२,८), (४,८), (५,६), म्हणजे पच्या दांड्यावर टेकेपर्यंत. कमान ८ पर्यंत चढते, शिवाय उकार खाली उतरतात, म्हणून ओळींतलं अंतर ९० ऐवजी निदान १२० ठेवा.

मोबाइलवर मराठी टाइप करताना हेच पडद्याआड सतत चालू असतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांच्या आत हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम हे काम करतो: साठवलेला क्रम घेतो आणि दिसण्याचा क्रम तयार करतो.

## ‘मुलांचा खेळ म्हणून ठीक, पुढे याचा उपयोग काय?’

१९६७ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या डालग्रेन इथल्या प्रयोगशाळेत ॲलन हर्शी यांनी अशाच ठिपके आणि रेघांच्या याद्यांनी अक्षरं तयार केली. ती हर्शी अक्षरं कोरीवकामात आणि पेनाने नकाशे काढणाऱ्या प्लॉटर यंत्रांत अजून वापरली जातात. छापायच्या फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा साठवलेली असते. ती कोरायला दिली तर यंत्र अक्षराच्या दोन्ही कडांनी फिरतं. एका फेरीत अक्षर हवं असेल तर मधली रेघच लागते, म्हणजे आपली यादी.

पुणे-नाशिकच्या कारखान्यांतली सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर कापणारी, यंत्रंही हीच भाषा बोलतात. तिथे ‘जी झीरो’ म्हणजे भरभर रिकामी चाल (हत्यार त्याआधी वेगळ्या आज्ञेने उचलावं लागतं) आणि ‘जी वन’ म्हणजे कापत चाल. कासवाचं पेन उचलून सरकणं आणि पेन टेकवून सरकणं हेच ते. ‘पान’च्या याद्या तशाच ठेवून काढणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू’च्या जागी या दोन ओळी फाइलमध्ये लिहायला सांगितल्या, घर १० पिक्सेलऐवजी ५ मिलिमीटरचं धरलं आणि हत्यार उचलायची उंची आणि कापण्याची खोली दिली, की लाकडी पाटीवर ५० मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर उंच ‘पान’ कोरता येतं.